हातभर दोरा

अक्काच्या दशा निघायला लागल्या त्या पदराच्या नव्हेत, कोपराच्या.

शालनला आधी वाटलं, लुगड्याचाच दोरा लोंबतोय. अक्का उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. शालननं जाताजाता कात्री घेतली आणि दोरा कच्चकन कापला.

"आई गं," अक्का म्हणाली.

दोऱ्याच्या टोकाला रक्तबिक्त काही नव्हतं. अक्काच्या कातडीचाच गव्हाळ रंग होता त्याला, वर जराशी चमक. डावा कोपर जाळीदार झाला होता आणि त्यातून सुपातले तांदूळ दिसत होते.

"कापायला कुणी सांगितलेलं तुला?" अक्का म्हणाली. "सुटला दोरा कापायचा नसतो, आत वळवायचा असतो. जन्मभर काय शिकलीस माझ्याकडनं?"

शालन दमलेली होती. ती नेहमीच दमलेली असायची. काहींना रागावायची सवय असते, तशी हिला दमायची. कापलेला तुकडा टाकावा की ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिनं तो चोळीत खोचला आणि चहा ठेवायला गेली.

कासारगल्लीतल्या ह्या दोघी बहिणी, हेंद्र्यांच्या. दोन खोल्या, मागं परस, आणि पोटापाण्याला भरतकाम. बाळाची झबली, उशांचे अभ्रे, नावं घातलेले रुमाल, आणि लग्नसराईत अंतरपाट. अक्काला द्वारका म्हणून नाव होतं, ते फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. गावातल्या निम्म्या बायकांना साखळीचा टाका तिनंच शिकवलेला. लग्नाचं म्हणाल तर अक्काचं जमलं नाही, आणि शालनचं अक्काचं जमेपर्यंत थांबलं ते थांबलंच. ह्या दोघींचं सूत कधी जमलं नाही असं गल्ली म्हणायची. गल्लीला काय, ऐकू येईल तेवढंच कळतं, आणि ऐकू यायची ती भांडणं.

भांडणं बहुतेक दोऱ्यावरून असत. अक्काचा कायदा एकच, दोरा हातभर घ्यायचा. खांद्यापासून बोटांपर्यंत, त्यापुढं एक वीतसुद्धा नाही. "लांब दोरा आळशाचा," ती म्हणायची. पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा करून पोरी वावभर दोरा घेतात, तो कापडातून आणि सुईच्या नेढ्यातून इतक्या वेळा घासून निघतो की अर्ध्या फुलातच पिंजतो, आणि मग रडत बसतात. अक्का बोटात अंगुस्तान घालूनच अशा पोरींच्या डोक्यात टपली मारायची.

आता ती स्वतःच पिंजायला लागली होती. डॉक्टरांनी तिचा कोपर खिडकीच्या उजेडात धरला. "वयोमानानं होतं," असं म्हणाले आणि कोपरातूनच पलीकडं उभ्या शालनकडं बघून हसले. गोळ्या लिहून दिल्या, त्या शक्तीच्या होत्या.

मग शालननं ठरवलं, आपणच शिवायचं. अंगावरचं शिवू नये म्हणतात. शिवायचंच झालं तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्यानं तोंडात काडी धरायची, नाहीतर आयुष्य टाक्यात अडकतं. अक्कानं केरसुणीची काडी मोडून दातांत धरली. शालननं कोपराची कड बारीक टाक्यांनी आत वळवून घेतली. तेवढा वेळ घरात कधी नव्हे ती शांतता होती.

दुसऱ्या दिवशी टाके होते तिथंच होते, दशा त्यांच्या वरून निघाल्या होत्या.

शालननं परसाच्या भिंतीवरून बेबीवहिनीला सांगितलं. कुणाला तरी सांगावंच लागतं. "अक्काच्या दशा निघाल्यात हो," ती म्हणाली.

"दशा? अगं बाई! शनीची का?"

"कोपराची."

बेबीवहिनीनं हे ऐकलंच नाही. ती मुळात सुतावरून स्वर्ग गाठणारी, आणि इथं तर सूत आयतं हातात आलेलं. शनिवारी शालन नळावर गेलेली असताना ती तेलाची बुधली घेऊन आली. मारुतीला वाहायचं ते तिनं अक्कालाच वाहिलं, खांद्यापासून बोटांपर्यंत, भरपूर. शालन घागर घेऊन आली तेव्हा अक्का ओशट डाव्या हाताकडं बघत बसली होती. "ह्या बाईला मी नको नको म्हणत होते," ती म्हणाली. "ऐकेल तर ती बेबी कसली."

दोऱ्याला तेल पाजलं की काय होतं हे सांगायला नको, वात होते. त्या दिवशी तिन्हीसांजेला शालननं देवापुढं निरांजन लावलं तर ज्योत उभी राहीना. ती आडवी झाली आणि लांब होत होत अक्काच्या खाटेकडं निघाली. ज्योत बोटाएवढ्या अंतरावर आली तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "विझव."

त्यानंतर त्या घरात दिवा लागला नाही. वीज होती, पण बल्बही अक्काकडं तोंड करून लोंबायला लागला तेव्हा शालननं तोही काढून ठेवला. चूल पेटवायची झाली तर आधी अक्काला परसात नेऊन बसवायचं. बेबीवहिनीचं मन वाईट नव्हतं, आणि तेलही चांगलं घाण्याचं होतं.

पुढच्या मंगळवारी शालन भाजीला गेली. मंडईत वांगी घेताना तिला मानेला काहीतरी खाजल्यासारखं झालं. परत येताना तिनं पाहिलं, तर भाजीवालीच्या पाटीपासून एक गव्हाळ दोरा निघाला होता. तो कासाराच्या दुकानावरून वळला होता, पाणपोईला एक वेढा घेऊन गल्लीत शिरला होता. एक म्हैस त्याच्यावर पाय देऊन उभी होती. शालन त्याच्या कडेकडेनं चालत घरी आली. दोरा उंबरा ओलांडून आत गेला होता आणि खाटेवर अक्काला जाऊन मिळाला होता. अक्काला आता डावा हात खांद्यापर्यंत नव्हता.

"वांगी आणलीस व्हय," अक्का म्हणाली. "कडू निघतील बघ."

"हे काय झालं अक्का?"

"काय व्हायचं? दोरा आपणहून पिंजत नाही. सुई ओढते म्हणून पिंजतो."

"कुठली सुई?"

"मान चाचप."

शालननं अंबाड्याखाली बोट नेलं. तिथं एक भोक होतं, तीळ जाईल एवढं, कडेनं गुळगुळीत, जुनं. ते मानेतून आत जाऊन गळ्याच्या खळगीत निघत होतं. तिथं मंगळसूत्र असतं तर ते झाकलं गेलं असतं. दोरा त्यातून आरपार गेला होता.

"कधीपासनं आहे हे?"

"तू चालायला लागलीस तेव्हापासनं. आईनं मला सांगितलेलं, ही पोर पळती, हिच्या मागं मागं राहा. तेव्हापासनं मी मागंच आहे."

शालन खाली बसली. जन्मभर तिला वाटत आलं होतं की आपणच अक्काच्या मागं आहोत. अक्का म्हणेल ते कापड, अक्का म्हणेल तो टाका, अक्का म्हणेल तेव्हा जेवण. एखाद्या दिवशी आपण पुढं निघून जाऊ असंही तिला कधीमधी वाटायचं, आणि मग जायला फार दमल्यासारखं व्हायचं. आता कळलं, ती जेवढी म्हणून गेली होती, मंडईत, नळावर, देवळात, तेवढी अक्का तिच्या मानेतून घासत गेली होती. तिला अतिशय वाईट वाटलं. अक्का संपू नये, एवढं एकच तिला त्या क्षणी जगात हवं होतं.

"रडायचं नाही," अक्का म्हणाली. "पाणी लागलं की दोरा फुगतो. दोरा पिंजायला लागला तर काय करायचं असतं? सांग."

"नेढं मोठं घ्यायचं," शालन शाळेतल्यासारखी म्हणाली.

मग सोनाराला घरी बोलावलं. कान टोचणारा तो म्हातारा, त्याला भोकांचं नवल नव्हतं. त्यानं चांदीची तार घातली, फिरवली, वर हळद लावली. तेल लावू दिलं नाही. "आता तांदळाचा दाणा आरपार जाईल," असं म्हणाला आणि चहा पिऊन गेला. भोक मोठं झाल्यावर वारा लागायचा आणि बोलताना शालनच्या बोलण्याला बारीक शीळ यायची. पण दशा जरा हळू निघायला लागल्या.

अक्काच्या पेटीत मधमाशीच्या मेणाचा एक गोळा होता, वर दोऱ्यांचे चरे पडलेला. शालन रोज सकाळी अक्काच्या प्रत्येक सुट्या टोकाला मेण लावायची आणि चिमटीत धरून वरून खाली निपटायची. खालून वर नाही, त्यानं तूस उभं राहतं. अक्काला गुदगुल्या व्हायच्या. मग गिरक्या. टाके घालताना दोऱ्याला पीळ बसतो, तेव्हा कापड उलटं धरून सुई मोकळी सोडायची असते, ती आपली आपण फिरून पीळ काढते. शालनला कोण उलटं धरणार? ती परसात उभ्यानंच गिरक्या घ्यायची, डोळे मिटून, घेरी येईपर्यंत. बेबीवहिनीनं भिंतीवरून पाहिलं. शालनच्या अंगात येतंय असं तिला वाटलं आणि ती खणानारळाची ओटी घेऊन हजर झाली. "आई, माझ्या सुनेला सुबुद्धी दे," असं म्हणून पायाच पडली. शालनला इतकी चक्कर आली होती की तिनं "देते" म्हणून टाकलं.

एवढं करूनही दोरा लांब होता. मूळ कायदा राहिलाच होता. अक्कानं सांगितलं नाही, पण दोघींनाही ते माहीत होतं. हातभर. त्यापुढं वीतभरसुद्धा नाही.

म्हणून शालन बाहेर जायची बंद झाली. आधी मंडई सुटली, मग देऊळ, मग नळ. मग परससुद्धा. घरही समजूतदार निघालं. चूल सरकत सरकत खाटेच्या पायथ्याशी आली आणि न पेटता तिथं बसली. पाण्याचा रांजण उशाशी आला. भिंती दर दोन-चार दिवसांनी थोड्या आत येत, भांड्यांची फळी डोक्याला लागायला लागली, आणि दार रोज उठून बघावं तर आणखी जवळ आलेलं. बेबीवहिनी दारातूनच हात घालून भाकरी देई, तो हात थेट ताटापर्यंत पोचे. शालन खाटेला टेकून बसलेली आणि अक्का खाटेवर, एवढंच आता घर होतं. कुशीवर वळायचं झालं तर एकमेकींना सांगून वळावं लागे.

"आता तरी थांबलं असेल," शालन म्हणायची.

"थांबेल की," अक्का म्हणायची. आणि सकाळी उशीवर थोडं तूस पडलेलं असायचं.

अशात साळोखेबाई आल्या. दारात मावेनात, म्हणून बाहेर पायरीवर बसून बोलल्या. त्यांच्या मृणालचं लग्न ठरलं होतं. मृणाल पाळण्यात असताना अक्का म्हणाली होती, हिच्या लग्नाचा अंतरपाट मी भरीन. साळोखेबाईंनी पांढऱ्या रेशमाचं कापड आत ढकललं. "अक्काच्या हातचाच पाहिजे बघा," त्या म्हणाल्या. "पोरगी हटून बसलीय."

अक्काला आता हात नव्हते. दुसरा हात आदल्या आठवड्यातच गेला होता.

शालननं कापड रिंगमध्ये ताणून घेतलं. मध्ये स्वस्तिक, दोन बाजूंना कलश, वर शुभमंगल सावधान. घरात होतं ते रेशीम काढलं. बाजारचं हल्लीचं रेशीम ते, दोन टाक्यांत पिंजलं. दुसरं घेतलं, तेही. मेण लावलं, नेढं मोठं घेतलं, दोरा हातभराचा निम्मा केला, तरी स्वस्तिकाची एक रेघ पुरी व्हायच्या आत त्याचा कापूस व्हायचा. चांगला दोरा आणायला मंडईपलीकडं जावं लागलं असतं. तेवढं गेलं असतं तर परत येईपर्यंत खाटेवर नुसती उशी उरली असती.

"पेटीत बघ," अक्का म्हणाली.

पेटीत एका पुठ्ठ्यावर अक्काचाच निघालेला दोरा गुंडाळून ठेवलेला होता. मंडईतल्या त्या मंगळवारचा, त्याआधीचा, सगळा. वाया घालवायची अक्काची जातच नव्हती.

"हा लाव."

"नाही."

"लावून तर बघ."

"मी एवढी धडपड करतीय ती तू राहावीस म्हणून," शालन म्हणाली, आणि तिच्या गळ्यातून शीळ आली. "आणि तू म्हणतीस, लाव. तू संपशील, अक्का."

"ठेवून तरी कुठं उरणार आहे? सकाळी उशीवरचं तूस कोण झाडतं? तूच ना? ते कुठं जातं?"

ते केरात जात होतं.

"पिंजला दोरा केरात जातो," अक्का म्हणाली. "भरलेला कापडावर राहतो. मला काय केरात घालणार हायस?"

"आणि मग मागं मी काय करू?"

"मागची बाजू साफ ठेव. तुझी मागची बाजू कायम गिचमिड असती."

शालनला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. ती इतकी दमली होती की दोन्ही तिच्यापर्यंत येऊन परत गेलं. तिनं पुठ्ठ्यावरचा दोरा सोडवला, हातभर मोजला आणि सुईत ओवला. दोरा लोण्यातून गेल्यासारखा कापडातून गेला. पांढऱ्यावर तो हळदीसारखा उठून दिसत होता. कितीही टाके घाला, त्याचा एक तंतू इकडचा तिकडं होत नव्हता.

पुठ्ठ्यावरचा दोरा एका कलशातच संपला. मग अक्कानं काडी मागितली आणि दातांत धरली. शालननं तिच्या खांद्यातला एक पदर चिमटीत पकडला. सहापदरी दोऱ्यातला एक पदर काढायचा तर घाई करायची नसते. एका हातानं बाकीचे सैल धरायचे आणि दुसऱ्या हातानं तो एकच सरळ वर ओढायचा. बाकीचे खाली गोळा होतात, घाबरायचं नाही, निपटले की पुन्हा सरळ होतात. अक्का खाटेवर गोळा व्हायची, आणि शालननं हात फिरवला की पुन्हा लांब व्हायची. दर वेळी जरा बारीक.

काडी तोंडात असताना बोलायचं नसतं, पण अक्कानं काही हा नियम पाळला नाही. "टाका सैल आहे," ती काडीच्या फटीतून म्हणायची. "कलशाला पोट आलं बघ. उसव." शालन उसवायची. "दोरा एकाच जागी नेढ्यात ठेवू नकोस, सरकवत जा. सुईची आणि दोऱ्याची एकाच जागी फार दिवस गाठ पडू द्यायची नसती." शालन सरकवत जायची. पाय स्वस्तिकात गेले. पोट दुसऱ्या कलशात. 'शुभमंगल' भरून झालं तेव्हा खाटेवर फक्त खांद्यावरचं होतं, आणि ते मात्र पूर्वीसारखंच चिडकं होतं.

"सावधान नीट काढ," ते म्हणालं. "ध चा म दिसतोय."

"गप की जरा."

"गप काय? उद्या सगळा गाव बघणार आहे. आणि शेवटाला गाठ मारायची नाही. ऐकतीस का? टोक मागच्या टाक्यांखालून घालायचं आणि कापायचं. गाठ मारली की उठून दिसती, कपडा चुरगळला की तिथंच..."

काडी उशीवर पडली.

शालन थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग शेवटच्या न चा दांडा बघून घेतला. अक्षर बरोबर आलं होतं. कापड उलटं करून तिनं मागची बाजू पाहिली. ती पुढच्यासारखीच होती, कुठली बाजू कुठली हे ओळखू येऊ नये अशी. असं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. तिनं खाटेकडं तोंड करून "बघ" म्हटलं.

एक टोक तेवढं राहिलं होतं. एका बाजूनं ते सावधानच्या न मध्ये गेलेलं, दुसऱ्या बाजूनं शालनच्या मानेतल्या भोकात, आणि मध्ये हातभर दोरा. तो मानेतून ओढून घ्यायचा, मागच्या टाक्यांखालून घालायचा आणि कापायचा, एवढंच काम होतं. शालननं कात्री हातात घेतली, पात्यांची धार अंगठ्यावर बघितली आणि कात्री परत ठेवली. उद्या करू, ती म्हणाली. त्याऐवजी तिनं मेणाचा गोळा घेतला आणि त्या हातभर दोऱ्याला मेण लावत बसली, वरून खाली, वरून खाली. लावून झालं की पुन्हा लावी. ह्याचा तरी एक तंतू उडता कामा नये असं तिला वाटत होतं. सकाळपर्यंत गोळा संपला.

साळोखेबाई कापड न्यायला आल्या तेव्हा शालननं ते दिलं नाही. "मीच आणते," ती म्हणाली. "एक टाका कच्चा आहे."

कापड छातीशी धरून ती घराबाहेर पडली. तिची पाठ वळल्यावर भिंती मागं सरकत गेल्याचा आवाज तिनं ऐकला. गल्लीत ऊन होतं. दोरा मानेतून हातभर अंतरात होता, घासत नव्हता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती चालली तरी कुणाचं काही पिंजत नव्हतं. बेबीवहिनी नवं लुगडं नेसून दारात उभी होती. "अक्का कशा आहेत?" तिनं विचारलं.

"आल्यात बरोबर," शालन म्हणाली.

"बरं झालं बाई. दशा उतरली म्हणायची," बेबीवहिनी म्हणाली, आणि पुढं निघाली.

मांडवात अंतरपाट धरायला एका बाजूला नवरीचा मामा होता. दुसरं टोक शालननं सोडलंच नाही, तेव्हा भटजी म्हणाले, "राहू द्या, बाई धरतील." तिच्या एका बाजूला मृणाल हार घेऊन उभी, दुसऱ्या बाजूला तो मुलगा, मुंडावळ्या सारख्या करत. शालननं आयुष्यभर अंतरपाट भरले, पण त्याच्या ह्या बाजूला किंवा त्या बाजूला उभी राहायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. आताही ती कडेलाच होती. मृणालनं कापडाकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "अक्कांनी केलं ना?" ती हळूच म्हणाली. शालननं मान हलवली, जपून.

"सावधान म्हटलं की सोडायचं बरं का, बाई," भटजी म्हणाले. "मी उत्तरेकडं ओढून घेतो."

"टाका कच्चा आहे," शालन म्हणाली.

"असू दे. एवढ्यापुरतंच असतं ते."

मंगलाष्टकं सुरू झाली. शालनच्या डोळ्यांसमोर कापडाची कड होती. तिला कलशाचं पोट दिसत होतं. ते आता अगदी बरोबर आलं होतं, पण अजूनही कुणीतरी उसव म्हणेल म्हणून ती कान देऊन उभी होती. दोरा तिच्या गळ्यापासून न पर्यंत सैल लोंबत होता. तो पदराखाली होता, कुणाला दिसत नव्हता. शेवटचं कडवं लांबवलं गेलं. लोकांनी मुठी वर केल्या.

"सावधान!"

भटजींनी ओढलं. शालननं सोडलं नाही. तिची बोटं आवळलेलीच होती, पण रेशीम गुळगुळीत असतं, ते निघून गेलं. मग दोरा ताणला. तिनं मान ताठ केली आणि हिसक्याची वाट पाहिली. आता कुठंतरी तो पिंजेल आणि नेढ्यात अडकेल. पिंजलेला दोरा नेढ्यात हमखास अडकतो, जन्मभराची ती कटकट होती. पण ह्या दोऱ्याला अडकायला तिनं एक तूससुद्धा ठेवलं नव्हतं. तो हातभर, सरळ, काही आवाज न करता तिच्यातून निघून गेला.

वाजंत्री वाजली. अक्षता पडल्या, डोक्यावर, खांद्यांवर. कुंकू लावलेला एक दाणा तिच्या अंबाड्याखालून आत शिरला, गळ्याच्या खळगीतून बाहेर आला आणि तिच्या अजून चिमटीत धरलेल्या बोटांवर येऊन थांबला.